धातू कापणारे पाते कसे निवडावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयापासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक विषयांवरील व्याख्याने आपण ऐकलीत. त्या मालिकेत लोखंड कापावयाच्या करवतीच्या पात्यावर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. तरीही कार्यवाहांनी विषय सुचविताच मी होकार दिला. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे या जमशेदपुरात आली ती पोलादामागून आली. कुणाचे वडील फिटर म्हणून आले, कुणाचे आजोबा टर्नर म्हणून, कुणी टूलरूममध्ये लागले. आज त्यांची मुले आणि नातवंडे खरकाई नदीपलीकडे आदित्यपूरच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःच्या शेडी थाटून बसली आहेत. डोक्यावर बँकेचे कर्ज आहे, मोठ्या कारखान्याची ऑर्डर तारखेवर द्यावयाची आहे, आणि माल परत आला तर तो ठेवावयास जागादेखील नाही, अशी त्यांची अवस्था मी जवळून पाहतो. त्या शेडीत पोलादाचा बार येऊन पडला की त्यावर होणारी पहिली क्रिया म्हणजे कापणे. आणि तीच क्रिया सर्वांत कमी लक्ष देऊन केली जाते. लेथवर जाणकार माणूस बसतो. करवतीवर मात्र कालच कामाला लागलेला पोरगा उभा असतो, आणि पाते दुकानदाराने दिले ते.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिठाच्या गिरणीत दोन चाकांवरून पट्टा फिरतो, तसाच येथे पोलादाचा एक पातळ, अखंड पट्टा दोन चाकांवरून फिरतो. त्याच्या एका कडेला दात असतात. यंत्रास सर्वजण बँडसॉ म्हणतात आणि पट्ट्यास पाते किंवा ब्लेड. जुन्या हॅकसॉ यंत्रात पाते एका दिशेने जाताना कापते आणि उलट येताना रिकामे येते. येथे रिकामी फेरी नाही, काप अखंड चालतो. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तिचे पेटंट घेतले होते. पण पट्ट्याची दोन टोके जोडावयाची कशी, हे काही केल्या जमेना. चाकावरून वाकत-सरळ होत जाणारा सांधा थोड्याच वेळात तुटे. पुढे ॲन पॉलीन क्रेपँ या फ्रेंच महिलेने सांधा जोडण्याची टिकाऊ रीत शोधली आणि १८४६ साली तिचे पेटंट मागितले, तेव्हा कुठे यंत्र व्यवहारात आले. आजही पाते कोठे तुटले हे पाहताना प्रथम सांध्याकडे पाहावे लागते; त्याकडे मी नंतर वळेन.

पात्याचे काही गुण आपण निवडतच नाही, ते यंत्राने ठरविलेले असतात. लांबी यंत्राची. रुंदी आणि जाडीही बहुतेक वेळा यंत्राचीच: आपल्याकडील आडव्या बँडसॉवर २७ मिलिमीटर रुंद व ०.९ मिलिमीटर जाड किंवा ३४ रुंद व १.१ जाड अशी पाती बसतात. लहान चाकांवर जाड पाते चढविले तर ते वाकून वाकून थकते आणि भेगाळते, म्हणून तेथे हौस नको. उभ्या बँडसॉवर आकृतीप्रमाणे वळणे कापावयाची असतील तेव्हाच रुंदी आपल्या हाती येते. ६ मिलिमीटर रुंदीचे पाते सुमारे १६ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेऊ शकते. १३ मिलिमीटरच्या पात्यास ६०-६५ मिलिमीटरची त्रिज्या हवी. याहून त्यावर अधिक बोलावयाचे कारण नाही.

निवड खरी आहे ती दातांची. किती दात हवेत, हा पहिला प्रश्न. दात कशाचे हवेत, हा दुसरा. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. दुकानात जाऊन "स्टेनलेसचे ब्लेड द्या" किंवा "एमएसचे द्या" असे मागतात. मी सांगू इच्छितो ते एवढेच की, पात्याची निवड धातूच्या नावावरून सुरू करू नये, कापाच्या रुंदीवरून करावी. एका क्षणी किती दात धातूच्या आत आहेत, यावर जवळजवळ सारे अवलंबून असते.

घरातले उदाहरण देतो. आल्यासाठी किसणी वेगळी असते आणि गाजरासाठी वेगळी. आल्याच्या बारीक किसणीवर हलव्याचे गाजर किसावयास घेतले तर क्षणात भोके भरून जातात, मग गाजर नुसते घसरत राहते आणि हात मात्र दुखून येतो. पात्याच्या दोन दातांमधली जी खाच असते तिचे काम हेच आहे. दाताने खरवडलेला कीस त्या खाचेत गोळा होतो आणि दात कापाबाहेर आला की खाली पडतो. काप रुंद असेल तर दाताला धातूच्या आत लांबचा प्रवास करावा लागतो, कीस अधिक साठतो, म्हणून खाच मोठी हवी. अर्थात इंचामागे दात कमी हवेत. उलट काप अरुंद असेल तर एका वेळी पुरेसे दात आत राहावेत म्हणून ते दाट हवेत. (देशात मेट्रिक पद्धत येऊन सहा दशके लोटली, तरी पात्याचे दात अजून इंचावरच मोजले जातात, याला इलाज नाही.) अनुभवाने ठरलेला नियम असा: कापात एका वेळी ३ पेक्षा कमी दात कधीही नसावेत, भरीव कामात ते ६ ते १२ च्या आसपास असावेत, आणि २४ च्या पलीकडे जाऊ नयेत.

आता आकडे पाहू. पात्यावर ४/६ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ दातांचे अंतर सारखे नसून काही ठिकाणी इंचास ४ दात, तर काही ठिकाणी ६, असे बदलत जाते. सर्व दात समान अंतरावर असले तर प्रत्येक दाताचा ठोका एकाच तालात पडतो, बार थरथरू लागतो, कापलेल्या तोंडावर लाटा उमटतात आणि शेडभर किंचाळी घुमते. अंतर बदलते ठेवले की तो ताल मोडतो. २५ मिलिमीटरच्या भरीव गोल बारास ६/१० चे पाते घेतले तर ६ ते १० दात आत राहतात. ५० मिलिमीटरला ४/६ म्हणजे ८ ते १२. १०० मिलिमीटरला ३/४. दीडशेच्या पुढे २/३. गोल बारात कापाची रुंदी सतत बदलते, वरच्या टोकाला दोन-चार मिलिमीटर आणि मध्यावर पूर्ण व्यास, म्हणून पाते व्यासाप्रमाणे निवडावे, पण सुरुवातीस दाब हलका ठेवून उतरू द्यावे.

नळीच्या बाबतीत मात्र बाहेरचा व्यास फसवितो. १०० मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची नळी ही पात्याच्या दृष्टीने १०० मिलिमीटरची वस्तू नव्हेच. मध्यावर आल्यावर पाते दोन बाजूंच्या तीन-तीन मिलिमीटरच्या भिंती कापीत असते. तीन दातांचा नियम येथे काटेकोरपणे लावला तर इंचास सुमारे २५ दात लागतील. व्यवहारात अशा पातळ नळीस १०/१४ च्या आसपासचे पाते वापरतात आणि दाब अगदी बेताचा ठेवतात. अँगल कापताना तो कोपरा वर करून, उलट्या व्ही अक्षरासारखा धरावा, म्हणजे दोन्ही पाय तिरपे मिळून कापाची रुंदी सारखी राहते. ही गोष्ट यंत्राच्या पुस्तकात चित्रासह दिलेली असते, पण ते पुस्तक कपाटात असते.

आपल्याच मंडळातील एका तरुणाची हकीकत सांगतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याने कर्जावर आडवा बँडसॉ घेतला. हाती दोन कामे होती: ७५ मिलिमीटरचे भरीव शाफ्ट आणि ४० मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या, भिंत २ मिलिमीटर. यंत्राबरोबर आलेले ४/६ चे पाते शाफ्टवर सुरेख चालले. तेच नळीवर लावले तेव्हा दोन दातांमधले अंतर चार-सहा मिलिमीटर आणि भिंत दोनच मिलिमीटर, म्हणजे भिंत सरळ खाचेत उतरू लागली आणि मागून येणारा दात तिच्या कडेवर आपटून मोडू लागला. एक दात गेला की त्याचे ओझे पुढच्यावर पडते, मग तोही जातो. पाहता पाहता वीतभर पाते बोडके झाले. दुकानदाराने सल्ला दिला, "बारीक दाताचे घ्या." त्याने १०/१४ घेतले. नळ्या उत्तम निघाल्या. मग बदलावयाचा कंटाळा म्हणून तेच शाफ्टवर ठेवले. आता तीन इंचांच्या कापात तीस-चाळीस दात, खाचा इवल्याशा, त्या किसाने गच्च भरलेल्या. दात धातूत घुसेनात, नुसते घासू लागले. एका कापास अर्धा तास लागू लागला. कामगाराने दाब वाढविला, तसे पाते वाट सोडून वाकडे गेले आणि शाफ्टची तोंडे तिरकी निघाली. कारखान्याने शंभरांपैकी निम्मे परत पाठविले. महिन्याभरात पाच पाती गेली तेव्हा यंत्र विकून टाकावे असा विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि घरीदारी यंत्र बनविणाऱ्यास दोष देऊन झाला. यंत्रात काडीचाही दोष नव्हता. दोन कामांना दोन पाती ठेवावयाची आणि दिवसाचे काम असे लावावयाचे की पाते एकदाच बदलावे लागेल, एवढाच उपाय होता. सकाळी शाफ्ट, दुपारनंतर नळ्या. पाते बदलावयास दहा-पंधरा मिनिटे जातात. त्याचे यंत्र अजून चालू आहे.

आता दात कशाचे, या प्रश्नाकडे येऊ. साध्या कार्बन पोलादाचे पाते स्वस्त असते, पण दोनशे-अडीचशे अंश सेल्सियसच्या पुढे त्याच्या दातांचा कडकपणा उतरू लागतो. पोलाद कापताना दाताच्या टोकाशी एवढी उष्णता सहज निर्माण होते. हाय स्पीड स्टील सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकून राहते, पण संपूर्ण पाते त्याचेच केले तर ते ठिसूळ होऊन चाकावर वाकणार नाही. यावरचा तोडगा म्हणजे बायमेटल, म्हणजे दोन धातूंचे पाते: पाठ लवचिक मिश्रपोलादाची आणि दातांच्या कडेला जोडलेली हाय स्पीड स्टीलची तार, त्या तारेत दात कोरलेले. एम-४२ या नावाने मिळणाऱ्या प्रकारात सुमारे ८ टक्के कोबाल्ट असते आणि लहान कारखान्याचे बहुतेक काम त्यावर भागते. टायटॅनियमसारखे किंवा निकेलयुक्त चिवट धातू, किंवा मोठ्या व्यासाचे कडक पोलाद रोज कापावयाचे असेल तर कार्बाइडच्या टोकांचे पाते परवडते. परंतु ते जुन्या, खडखडणाऱ्या यंत्रावर चढविणे म्हणजे पैसे खरकाईत टाकणे होय. कार्बाइडला धक्का सोसत नाही.

धातूचे नाव महत्त्वाचे ठरते ते वेग ठरविताना. बायमेटल पात्याने आणि कूलंट चालू ठेवून मऊ पोलाद मिनिटास ८० ते ९० मीटर वेगाने कापता येते. ३०४ जातीच्या स्टेनलेसला ३० ते ४० मीटर पुरे. डाय बनविण्याचे डी-२ सारखे पोलाद २५-३० वर. स्टेनलेसचा स्वभाव विलक्षण आहे. दात त्यात खोल शिरला तर ते मुकाट्याने कापले जाते. पण दाब कमी पडून दात नुसता वरून घासत राहिला तर तो पृष्ठभाग जागच्या जागी कडक होतो, आणि मग पुढचा दात त्या कवचावर बोथट होतो. म्हणून स्टेनलेसवर वेग कमी आणि दाब ठाम असा मेळ हवा. अनेकजण भीतीपोटी दोन्ही कमी करतात, आणि पाते दुपारपर्यंत संपते. अॅल्युमिनियम उलट: वेग भरपूर, पण कीस चिकट, म्हणून खाच मोठी घ्यावी. बिडाचा कीस भुकटीसारखा पडतो, ते बहुधा कोरडेच कापतात.

हे सारे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. पुढचे कीस सांगतो. यंत्राखालचा कीस चिमटीत धरून पाहावा, अर्थात यंत्र बंद करून. पोलादाचा कीस चांदीसारखा, सैल वळलेला, हातास कोमट लागणारा असेल तर काम योग्य चालले आहे. पिठासारखा बारीक पडत असेल तर दात घासत आहेत. दाब वाढवावा किंवा वेग उतरवावा. जाड, निळसर, करपलेला असेल तर दाब किंवा वेग अति झाला. ज्या कामगाराला हे वाचावयास शिकविले त्याला चार्ट भिंतीवर नसला तरी चालते.

नवे पाते पहिल्याच कापापासून पूर्ण दाबाने चालवू नये. ज्यांनी शाळेत बोरूने लिहिले आहे त्यांना ठाऊक असेल की नुकता छाटलेला बोरू जोराने दाबला तर टोक फुटते. हलक्या हाताने दोन ओळी लिहिल्या की तो बसतो. नव्या दातांची धार तशीच नाजूक असते. वेग नेहमीचाच ठेवावा, दाब मात्र निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणून पहिले काही काप करावेत, मग हळूहळू वाढवावा. आणि जुने पाते अर्ध्या कापात तुटले असेल तर नवे त्याच चिरेत घालू नये. दात आळीपाळीने डावीउजवीकडे किंचित वाकविलेले असतात, ते वापराने झिजून जुनी चीर अरुंद झालेली असते. नवे पाते तीत अडकून मरते. बार फिरवून दुसऱ्या बाजूने कापावा.

किमतीविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण समोर बसलेल्या तरुणांच्या मनात तोच प्रश्न आहे. समजा, एक पाते १,००० रुपयांचे आहे आणि १०० मिलिमीटर बाराचे ८० काप देते. दुसरे ३,००० रुपयांचे असून ४०० काप देते. पहिल्यात एका कापास साडेबारा रुपये पडतात, दुसऱ्यात साडेसात. शिवाय पहिल्यासाठी पाच वेळा यंत्र थांबवून पाते बदलावे लागते. म्हणून पाते चढविलेला दिवस आणि झालेले काप यांची नोंद एका वहीत ठेवावी. त्या वहीवाचून दुकानदाराशी वाद घालणे व्यर्थ. आणखी एक हिशेब. २७ मिलिमीटरच्या पात्याची चीर सुमारे दीड मिलिमीटरची पडते, अब्रेसिव्ह चाकाची तीनच्या आसपास. १०० मिलिमीटरच्या पोलादी बारात एक मिलिमीटर जाडीची चकती ६२ ग्रॅम भरते. म्हणजे प्रत्येक कापामागे ९० ग्रॅमहून अधिक पोलाद वाचते, आणि हजार कापांमागे ९० किलोहून अधिक. हा माल आपण विकत घेतलेला असतो आणि झाडून टाकतो.

कूलंटविषयी इतकेच सांगतो की तेल आणि पाणी यांचे प्रमाण अंदाजाने ठेवू नये; उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि मिश्रण बदलते. त्याहून अधिक उपेक्षित वस्तू म्हणजे पात्याचे दात झाडणारा तारेचा ब्रश. तो झिजला की खाचेत चिकटलेला कीस पुन्हा कापात जातो आणि दात उखडतो. ब्रश ही यंत्रावरची फार स्वस्त वस्तू असावी, आणि तीच न मिळाल्यामुळे महागडी पाती जाताना मी पाहिली आहेत.

पाते तुटलेच तर ते भंगारात फेकण्यापूर्वी पाच मिनिटे द्यावीत. सांध्यावर तुटले असेल तर जोडणाऱ्याचा दोष संभवतो. त्याला ते दाखवावे. पाठीकडून भेगा पडल्या असतील तर पाठीमागचे गाइड घासत आहे किंवा दाब अति होता. खाचांच्या तळातून भेगा निघाल्या असतील तर ताण फार होता, किंवा गाइड घट्ट होते. काप तिरका जात असेल तर नवे पाते मागविण्यापूर्वी गाइडचा हात बाराच्या जवळ सरकवून पाहावा. कित्येक ठिकाणी मोठा बार कापल्यानंतर तो तसाच दूर राहिलेला असतो.

आणि जपून राहावे. गुंडाळलेले पाते बांधलेले असते, त्याची गाठ सोडताच ते सापासारखे उसळते. हातमोजे घालून, चेहरा दूर ठेवून, मोकळ्या जागेत ते सोडावे. यंत्र चालू असताना मात्र हातमोजे नकोत, कारण दात मोज्याचे कापड पकडतो आणि त्यामागून हात जातो. चालत्या पात्याजवळचा कीस बोटाने काढू नये. मुलांचे हात शाबूत राहावेत ही त्यांच्या आयांची अपेक्षा असते, आणि शेडीच्या मालकाला तिची आठवण कुणीतरी करून द्यावयास हवी.

पुढील रविवारी सकाळी मी मंडळाच्या वाचनालयात बसणार आहे. ज्यांची पाती वरचेवर जातात त्यांनी तुटलेला तुकडा जाड कापडात गुंडाळून आणावा, आणि त्याच कापातला मूठभर कीस कागदाच्या पुडीत सोबत घेऊन यावा. बाराचा व्यास आणि नळी असल्यास भिंतीची जाडी पुडीवर लिहून ठेवावी.